तळातून कापलेल्या चार ओळी

सिग्नल सुटतो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, आणि गाडी पुढे निघण्याऐवजी क्षणभर अडते. मग एक गचका देऊन चालू लागते. तोवर मागचे हॉर्न सुरू झालेले असतात. या एका तक्रारीची पत्रं मी अकरा वर्षं वाचली. सुरुवातीला ती पोस्टकार्डावर येत, नंतर ईमेलवर, शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर. शब्द बदलले, तक्रार तीच राहिली. कुणी लिही, ‘गाडी मिसिंग मारते’. कुणी, ‘पिकअप घेत नाही’. निवृत्त शिक्षक लिहीत, ‘वाहन गतिमान होण्यास कां कूं करते’.

मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत वाहनसल्ल्याचं सदर होतं. ते मी चालवत असे. मला गाडी चालवता येत नव्हती, आजही येत नाही. त्यासाठी ते आवश्यकही नव्हतं. उत्तरं द्यायला पास्कल होते. सदराच्या माथ्यावर त्यांचं नाव आणि फोटो छापला जाई. माझं नाव कुठेच नसे, कारण उपसंपादकाचं नाव छापायची पद्धत नाही. पुढे जे घडलं त्यात या पद्धतीचा मला फायदा झाला, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

पास्कल गिरगावातले, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच राहिलेल्या ख्रिस्ती घरातले. त्यांचं गॅरेज एका वाडीच्या तोंडाशी होतं. दोन गाड्या आत आणि एक अर्धी रस्त्यावर, एवढीच जागा. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जातात. पास्कल यांच्याकडे यायच्या त्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या. मालकांनी त्या भंगारात काढल्या नव्हत्या आणि मुलांना त्या नको होत्या. गिरगाव, दादर, शिवाजी पार्क, वरळी एवढ्या पट्ट्यातले असे बरेच मालक त्यांना ओळखत होते.

दर मंगळवारी दुपारी मी पत्रं घेऊन गॅरेजमध्ये जाई. ती मोठ्याने वाचून दाखवी. पास्कल इंजिनात हात घालूनच उत्तर सांगत आणि मी वहीत उतरवून घेई. घरात ते मराठीच बोलत, पण शाळा इंग्रजी होती आणि तीही सातवीपर्यंत. देवनागरी वाचताना जोडाक्षर आलं की ते थबकत. सदराची कात्रणं त्यांनी भिंतीवर ओळीने चिकटवली होती. त्यांतलं एकही त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलेलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी वहीत लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवत असे. पुढे वेळ जातो म्हणून बंद केलं.

या गचक्यामागचं कारण त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावलं. थांबलेल्या गाडीत इंजिनाकडे जाणारी वाट जवळजवळ बंद असते. पाय दाबला की झडप उघडते. हवा हलकी, ती लगेच आत शिरते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्या अर्ध्या क्षणात इंजिनाला नुसती हवा मिळते आणि ते गुदमरतं. असं होऊ नये म्हणून जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. पाय दाबताच तो पेट्रोलची एक चिळकांडी सोडतो. नव्या गाड्यांत हेच काम कॉम्प्युटर करतो. चिळकांडी आली नाही, हवा भलतीकडून आत आली, ठिणगी उशिरा पडली किंवा मुळात पेट्रोलच पोचलं नाही, तर चारही वेळा गाडी गचका एकसारखाच देते. मेकॅनिकचं काम या चार कारणांतलं एक शोधायचं.

पास्कल ते कारण पाना हातात घेण्याआधीच शोधत. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. इंजिन थंड असताना होतं की गरम? पाय हळू दाबला तरी होतं की एकदम दाबल्यावरच? पेडर रोडच्या चढावर काय होतं? एसी लावल्यावर काय? हळू दाबल्यावर गाडी नीट निघत असेल आणि झटकन दाबल्यावर अडत असेल, तर बहुतेक पंप. दोन्ही वेळा अडत असेल, तर पेट्रोल पोचत नाही किंवा हवा गळते आहे. कंपनीच्या वर्कशॉपात हल्ली वायर जोडून मशीन वाचतात. पास्कल माणसाला विचारत.

शिवाजी पार्कच्या एका निवृत्त प्राध्यापकांची गाडी फक्त त्यांच्याच हाती अडायची. ड्रायव्हरने चालवली की सुरळीत. ते स्वतः गाडी घेऊन आले. सोबत दोन महिने केलेल्या वाचनाची टिपणं होती.

“सर, गाडीत बसल्यावर पहिलं काय करता?” पास्कल यांनी विचारलं.

“म्हणजे काय? बसतो, पट्टा लावतो, आरसा बघतो.”

“त्याच्या आधी?”

“पायपुसणं सरळ करतो. तो ड्रायव्हर रोज ते मागे ढकलून ठेवतो. शिस्त नाही.”

पास्कल यांनी वाकून काथ्याचं नवंकोरं पायपुसणं बाहेर ओढलं आणि त्यांच्या हातात दिलं. “हे घ्या सर, तुमचं मिसिंग.” पेडल पायपुसण्याच्या काठावर अडायचं आणि मग एकदम सुटायचं. प्राध्यापक चिडले. “मी कार्ब्युरेटरवर दोन महिने वाचतोय!” “मग वाया नाही गेलं,” पास्कल म्हणाले, “पुढच्या वेळी कार्ब्युरेटर बिघडला तर तुम्हीच करा.”

लालबागच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या गाडीत हवा गळत होती. बॉनेट उघडलं तर उंदरांनी रबराची बारीक नळी कुरतडलेली होती आणि बॅटरीच्या मागे घरटं केलं होतं. घरटं आमच्याच शनिवारच्या पुरवणीचं होतं. “मॅडम, वाचक आहेत तुमचे,” पास्कल म्हणाले. मी हे सदरात वापरलं. वाचकांना आवडलं.

त्यांच्या सांगण्याला एक क्रम असे. आधी स्वस्त आणि सोपी गोष्ट, म्हणजे हवेचा फिल्टर. मग प्लग. मग पंप. मग नळ्या. धोक्याची गोष्ट असेल तर ती अगदी शेवटी. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, “कस्टमर दुकानातून पाय बाहेर टाकताना जे ऐकतो ना, तेच घरी जाईपर्यंत डोक्यात राहतं. बाकी सगळं नाक्यावर सांडतं. म्हणून डेंजर गोष्ट एकदम लास्टला सांगायची. माझा बाप असाच सांगायचा.”

हे वाक्य मी सदराच्या पहिल्या वर्धापनदिनी चौकटीत छापलं.

आता माझ्या धंद्याचा क्रम सांगायला हवा. बातमीत सर्वांत महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात येतं, त्याहून कमी महत्त्वाचं दुसऱ्यात, आणि जे नसलं तरी चालेल ते तळाला. ही रचना सोयीची आहे. ऐनवेळी जाहिरात आली आणि जागा कमी पडली, तर पान लावणारा माणूस मजकूर वाचत बसत नाही, तळातून कापतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. तीस वर्षांत ते हाताला इतकं बसतं की डोक्याकडे जातच नाही.

पास्कल महत्त्वाचं तळाला ठेवत आणि मी तळातून कापत असे. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. त्या मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. त्यांचा क्रम उलटा करून लिहिणं दहा मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही, कारण त्यांचं बोलणं जसंच्या तसं छापण्याचा मला अभिमान होता.

काही वर्षांपूर्वी शिवाजी पार्कहून कर्णिक यांचं पत्र आलं. वय चौऱ्याहत्तर, एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त. पत्र ड्राफ्ट्समनचंच होतं, सुबक अक्षर आणि मुद्द्यांना क्रमांक. गाडी चोवीस वर्षांची, कार्ब्युरेटरवाली. पत्नीचे गुडघे गेलेले, तिला टॅक्सीत चढता-उतरता येत नाही, म्हणून गाडी ठेवली आहे. थांबलेली गाडी काढताना अडते. पाय हळू दाबला तरी अडते. लालबागच्या उड्डाणपुलाच्या चढावर दोनदा बंद पडली. सहावा मुद्दा असा होता: सकाळी बॉनेटजवळ पेट्रोलचा किंचित वास येतो, नंतर जातो.

मी वाचत होते तेव्हा पास्कल एका गाडीखाली होते. सहाव्या मुद्द्यावर ते बाहेर आले.

“परत वाचा ते.”

मी वाचलं.

“लिहा,” ते म्हणाले, आणि नेहमीच्या क्रमाने सांगू लागले. फिल्टर साफ करा. प्लग बघा. इंजिन बंद ठेवून हवेच्या फिल्टरचं झाकण काढा, आत बघत अ‍ॅक्सिलरेटर दाबा, पेट्रोलची चिळकांडी उडते का पाहा. नाही उडाली तर पंपाचा पडदा बदला. बारीक नळ्या कुठे फाटल्यात का तपासा. मग ते थांबले, हात पुसले आणि शेवटचं सांगितलं. ते वहीत असं आहे: ‘हे सगळं करण्याआधी एक गोष्ट. तुम्ही सकाळी पेट्रोलचा वास येतो असं लिहिलं आहे. टाकीकडून कार्ब्युरेटरकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी वाळून चिरली असणार. ती बदलेपर्यंत गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.’

“लिहिलं?”

“लिहिलं.”

“खालती लाइन मारा.” म्हणजे अधोरेखित करा. मी केलं. वहीत ती रेघ आहे.

शुक्रवारी संध्याकाळी पुरवणीचं पान लागत असताना एका गृहप्रकल्पाची जाहिरात वाढली. सदरातल्या आठ ओळी काढायच्या होत्या. हे मी एखाद्या शिकाऊ मुलीवर ढकलू शकले असते. पण पान मीच लावत होते आणि कापणारीही मीच होते. कर्णिक यांच्या प्रश्नातल्या शेवटच्या चार ओळी काढल्या. त्यात सहावा मुद्दा गेला. उत्तरातल्या शेवटच्या चार काढल्या. प्रश्नात वास नसल्यामुळे उत्तरात तो नाही हेही खटकलं नाही. पान निर्दोष दिसत होतं. सव्वासातच्या सुमारास ते छपाईला गेलं.

तीन आठवड्यांनी मंगळवारी दुपारी मी गॅरेजमध्ये पोचले, तेव्हा चाळिशीच्या एक बाई पास्कल यांच्यासमोर उभ्या होत्या. हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं कात्रण होतं. कर्णिक यांची मुलगी, मंजिरी. आवाज चढलेला नव्हता.

“हा फोटो तुमचा?”

“माझा.”

“हे उत्तर तुमचं?”

“नाव माझं आहे म्हणजे माझंच.”

“माझ्या वडिलांनी यात लिहिलेलं एकेक केलं. फिल्टर, प्लग, पंपाचा पडदा. प्रत्येकासमोर बरोबरची खूण केलीय, बघा. सगळं करून झालं, म्हणून आईला घेऊन निघाले. पोर्तुगीज चर्चच्या पुढे सिग्नलला गाडी अडली आणि बॉनेटमधून धूर आला. बाबांनी खाली उतरून बॉनेट उघडलं. आत आग होती.”

“वाचले?” पास्कल यांनी विचारलं.

“आईला लोकांनी बाहेर काढलं. बाबांचा उजवा हात भाजलाय, कोपरापर्यंत. बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वळणारही नाहीत.”

पास्कल खुर्चीवर बसले. “मी नळी बदला सांगितलं होतं. गाडी सुरू करू नका म्हणालो होतो.”

“कुठे? दाखवा ना.” तिने कात्रण पुढे धरलं.

ते वाचू लागले. ओठ हलत होते. जोडाक्षरावर थांबत, पुन्हा मागे जात. दोन कॉलमांचं उत्तर वाचायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर मंजिरी उभी राहिली आणि मीही. शेवटच्या ओळीवर पोचल्यावर त्यांनी कात्रण उलटं केलं. मागे एका साडीच्या दुकानाची जाहिरात होती.

“इथे नाही,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही लिहून घेतलं होतं. सांगा ना यांना.”

वही माझ्या पिशवीत होती. मी म्हणाले, “मला मूळ मजकूर तपासून बघावा लागेल.”

हे वाक्य मी शब्दशः देते आहे. ते खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात अशी वाक्यं तयार असतात.

मंजिरी म्हणाली, “तपासा. मी मात्र लोकांना सांगणार. अजून किती जण हे वाचून गाड्या उघडत असतील देव जाणे.” जाताना तिने गॅरेजच्या पाटीचा फोटो काढला.

ती गेल्यावर पास्कल एवढंच म्हणाले, “तपासून काय बघणार? वही तर तुमच्या पिशवीत आहे.”

मी पिशवी उचलून निघाले. त्या मंगळवारची पत्रं वाचली गेली नाहीत.

कार्यालयात मी निवासी संपादकांना वही आणि छापलेलं पान दाखवलं. त्यांनी दोन्ही नीट वाचलं. हुशार गृहस्थ होते, मजकुरातली चूक एका नजरेत पकडत.

“नळी बदलू नका, असं आपण छापलंय?”

“नाही.”

“वास येत असला तरी गाडी चालवा, असं छापलंय?”

“नाही.”

“जे छापलंय त्यात चुकीचं काय आहे?”

“काहीच नाही.”

“मग खुलासा कशाचा करायचा?”

“आपण कापलं त्याचा.”

“आपण रोज कापतो. बाई, खुलासा म्हणजे कोर्टात स्वतःहून गुन्हा कबूल करणं. कायदा विभाग मला दारात उभं करणार नाही.” थोडा विचार करून म्हणाले, “सदर थांबवा. कारण देऊ नका. आणि ती वही घरी ठेवा, इथे नको.”

पुढच्या शनिवारी सदराच्या जागी दीड ओळीची चौकट आली. ‘हे सदर आजपासून बंद करण्यात येत आहे.’ ती मीच लिहिली. ज्यांनी मंजिरीचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश वाचला होता त्यांना चौकटीचा अर्थ उघड होता. मेकॅनिकने चुकीचा सल्ला दिला, पेपरने त्याला काढला. जळालेली गाडी, कात्रण आणि गॅरेजची पाटी असे तीन फोटो सोसायट्यांच्या ग्रुपवर एकत्र फिरत होते. मलाही ते चार ठिकाणांहून आले. एका ग्रुपवर मी उत्तर लिहायला घेतलं होतं. ते पाठवलं नाही.

त्या महिन्यात मी जुन्या वह्या काढून छापलेल्या सदरांशी ताडून पाहिल्या. ‘नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, लाकडी ठोकळा लावा.’ छापलेलं नाही. ‘इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.’ छापलेलं नाही. ‘हँडब्रेक धरत नाही तोवर मलबार हिलवर गाडी उभी करू नका.’ छापलेलं नाही. अकरा वर्षं पास्कल लोकांना सावध करत होते आणि मी त्या सूचना जागेअभावी काढत होते. एवढ्या आठवड्यांत कुणाला काही झालं असेल, तर त्यांनी कळवलं नाही. माझ्यापर्यंत फक्त कर्णिक पोचले.

जुनी गाडी बाळगणारा माणूस सावध असतो. पास्कल यांची गिऱ्हाइकं अशीच माणसं होती. ती भांडायला आली नाहीत, यायची बंद झाली. प्राध्यापकांनी गाडी विकली. वर्षभरात गॅरेजची जागा गेली. तिथे आता ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांचं ठाणं आहे.

मी नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. निरोपसमारंभात अचूकतेबद्दल माझा गौरव झाला.

त्यानंतरच्या आठवड्यात वही घेऊन कर्णिक यांच्याकडे गेले. आता कायदा विभागाची आडकाठी नव्हती, एवढंच त्या धैर्यामागचं कारण. दार मंजिरीने उघडलं. तिने ओळखलं, पण आत घेतलं. कर्णिक खिडकीशी बसले होते. डाव्या हाताने अक्षरं गिरवायचा सराव चालू होता. मी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी अधोरेखित केलेला भाग वाचला, मग तारीख पाहिली.

“म्हणजे त्यांनी बरोबर सांगितलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“वासाचं मी लिहिलं होतं. आठवतंय तुम्हाला? सहावा मुद्दा.”

“आठवतंय.”

“पेपर आला तेव्हा मी आधी प्रश्न वाचला. सहावा मुद्दा नव्हता. मंजिरीच्या आईला म्हटलंसुद्धा, वासाचं जाणकारांनी गाळलंय, म्हणजे त्यात काही नसणार. आपण उगाच घाबरत होतो.” त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “पत्र छापलंच नसतंत, तर मी घाबरूनच राहिलो असतो.”

मंजिरी आतून म्हणाली, “मग मी त्या माणसाचं जे केलं त्याचं काय आता?”

मी वही पिशवीत टाकून उठले. निघताना तिने पास्कल यांचा पत्ता मागितला. मी दिला. ती गेली की नाही, मला माहीत नाही.

पास्कल आता परळला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पगारावर आहेत. वय सत्तर. गाडी आत येते ती कागदाच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर काय करायचं ते लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाशी काउंटरवरचा माणूस बोलतो. पास्कल यांनी बोलायचं नाही, असं मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. मी गेले तेव्हा ते एका गाडीचा पंप उघडून बसले होते.

“पंप गेलाय?” मी विचारलं.

“पंप बरा आहे. चिठ्ठीवर पंप लिहिलाय.”

“मग सांगा ना त्यांना.”

“कोणाला? मालक तिकडे एसीत बसलाय.” त्यांनी काम चालू ठेवलं.

मी सांगितलं, की एका दिवाळी अंकाने नोकरीतल्या अनुभवांवर लेख मागितला आहे. मी सगळं लिहिणार आहे. वहीतल्या चार ओळी, त्या कुणी कापल्या, त्या दिवशी गॅरेजमध्ये मी काय बोलले. तुमच्या नावानिशी.

“माझं नाव नको.”

“पण तुमचं नाव साफ व्हावं म्हणूनच तर…”

“मॅडम, ज्यांनी ते फोटो बघितले ते तुमचा अंक वाचणार आहेत काय? आणि एखाद्याने वाचला, तर म्हणेल काय? हां, हा तोच, ती गाडी जळली तो. परत माझं नाव त्या गाडीच्या बाजूला उभं करणार तुम्ही. ह्या टायमाला चूक तुमची म्हणून. पण बाजूलाच ना?”

“मग कुणाला कळणार, हे कुणाबद्दल आहे?”

“नको कळायला. माझ्या नातवाच्या शाळेत आता कुणाला ठाऊक नाही. राहू द्या तसं.” त्यांनी पंपाचा पडदा उजेडात धरून पाहिला. तो धड होता. तो बाजूला ठेवून त्यांनी खोक्यातून नवा काढला. “तुम्हाला लिहायचंय तर लिहा. तुमच्यासाठी लिहा. अकरा वर्षं माझं नाव विचारून छापलंत काय? आता विचारताय, तर नको म्हणतो.”

मी वही त्यांच्यासाठी नेली होती. त्यांनी घेतली नाही. हात तेलाचे आहेत, म्हणाले.

म्हणून या लेखात नाव बदललं आहे. पास्कल नावाचा मेकॅनिक गिरगावात त्या वाडीच्या तोंडाशी नव्हता. कर्णिक हेही खरं आडनाव नाही, आणि सिग्नल दुसरा होता. सगळे जे बोलले ते जसंच्या तसं दिलं आहे. चार ओळी मी कापल्या आणि विचारल्यावर गप्प राहिले, हे मी इथे लिहून दिलं आहे. ज्या माणसावरचा ठपका त्यामुळे पुसला जायचा, त्याचं नाव या लेखात कुठेही नाही.